अकरा खोल्यांचा किल्ला

शहापुरात शनिवारी साडेआठला भरमाण्णाचे माग थांबतात
आणि मागल्या खोलीतलं टेबल आम्हाला मिळतं.
सुताचा भुगा पुसायचा, नकाशा पसरायचा,
पंख्यानं उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार बॉबिनी.
तिघं तीन माणसं होतात.
मी बाकीचं सगळं होतो :
वारा, भिंती, दरोडेखोर, बाजारातला तांदळाचा भाव.

तीन आठवडे किल्ला बांधत होतो.
झेरॉक्सच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना
वाया गेलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर
अकरा खोल्या, दोन भुयारं,
एक आंधळा किल्लेदार, ज्याला फक्त खोटं ऐकू येतं.
कुठल्या पायरीवर पाय पडला की कुठला दगड सुटेल,
पट्टी लावून आखलेलं.

किल्ल्याआधी फक्त एक नदी होती.
वहीत एकच ओळ : नावाडी. दोन नाणी घेतो.

शाहीन म्हणाली, “मामा, नाव काय तुमचं?”

मी इकडंतिकडं बघितलं.
खिळ्याला लटकलेलं विजेचं बिल, त्यावर कन्नडमध्ये मालकाचं नाव.
म्हणालो, “भरमाण्णा.”
इराण्णा पुढं सरकला : “मक्कळ एष्ट री?”
नावाड्याला कन्नड येतं हे मलाही तेव्हाच कळलं.
“एरडु,” म्हणाला तो. मुलगी उगारला दिली.
मुलगा त्या किल्ल्यात गेला, आला नाही.

(हे मी मुद्दाम म्हणालो. गळ होता.
तीन आठवड्यांचे कागद होते मांडीवर.)

नेमू बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, “मामा, तुम्ही निजा जरा.
आज रात्री नाव आम्ही चालवतो.”

झालं.
दोन तास तिघं माणसं पोचवत बसली, अल्याडची पल्याड.
मला माणसं आणावी लागली कुठून कुठून :
गुळाच्या ढेपा घेतलेला एक म्हातारा,
भांडून माहेरी निघालेली बाई, पाच शेळ्या,
एक शिपाई, ज्याला कुठल्या राजाचा तेच आठवत नव्हतं.
पल्याड काय आहे, त्यांनी विचारलं.
पल्याड कागद संपत होता.
आधी रेष मारायची आणि माणसांना मग विचारायचं,
आमच्या भागाला हे काही नवं नाही.
मी खाली दुसरा कागद जोडला.

वादळ मात्र काढलं होतं मी.
वीसात पंधराच्या वर पडले
तर नाव वाहत किल्ल्याच्या पायथ्याशी लागणार.
पुठ्ठ्याच्या आड फासा टाकला.
चार.
आड कोण बघतंय? सतरा म्हणता आलं असतं.
गेल्या गणपतीत म्हणालो होतो एकदा.
तिघं जिंकली, कुणी हसलं नाही,
शाहीन उठून पाणी प्यायली, बास.

“चार,” म्हणालो.
वारा आला, गुळाच्या पोत्यावरचं फडकं घेऊन गेला.
म्हातारा असा काही ओरडला
की इराण्णा खुर्चीवरून पडायचा राहिला.

आंधळा किल्लेदार मांडीवरच बसून होता.
त्याला काहीच ऐकू येत नसणार,
इतक्या वेळात कुणी खोटं बोललंच नव्हतं.
वाईट वाटलं, नाही म्हणत नाही.
भुयाराच्या तोंडाला मी कोळशानं सावल्या भरल्या होत्या.

साडेअकराला भरमाण्णा किल्ल्या वाजवत आला.
“खट्टे पोचलासा रे?”
“नदीत.”
“अजून?”
टेबलावर वाकला, चष्मा कपाळावर चढवला.
काठाजवळ पेन्सिलीनं नेमूनं लिहिलं होतं नाव.
बोट ठेवून त्यानं अक्षर अक्षर वाचलं.
“ह्यो भरमाण्णा कोण?
आन् ह्येचा पोरगा खट्टे गेला?”

तिघं माझ्याकडं बघतात.
मी वही उघडतो.
अकरा खोल्या आहेत,
कुठल्याच खोलीत तो नाही.